पिकाची गंजी

झारशाहीने सैबेरियातील जमातींवर बसविलेल्या कराला 'यासक' म्हणत, आणि हा सारा रोकड नाण्यात नव्हे, तर मुख्यतः सेबल या प्राण्याच्या मऊ लोकरी कातड्यांत वसूल होत असे. सरकारी दफ्तराला कातड्यांच्या गणतीशी मतलब. अल्तायच्या बर्फात शिकाऱ्याचा घोडा कोणाच्या वैरणीवर जगतो, हे विचारण्याची गरज कोणत्याही अंमलदारास वाटली नसावी.

ती वैरण साठविणाऱ्या प्राण्याची नोंद केली पीटर सिमोन पालास याने. बर्लिनमध्ये १७४१ साली जन्मलेल्या आणि सम्राज्ञी कॅथरिनच्या राज्यात सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत पाचारण झालेल्या या निसर्गशास्त्रज्ञाने १७६८ ते १७७४ पर्यंत केलेल्या प्रवासात पाहिलेला हा प्राणी सशाच्या गोत्रातला, परंतु गोल कानांचा, दिसेल असे शेपूट नसलेला आणि जेमतेम वीतभर लांबीचा. 'पिका' हे त्याचे नाव तुंगूस भाषेतून आले असे मानतात. आपल्या शेतातल्या पिकाशी त्याचे नाते नाही, कर्तृत्वाचे मात्र खचित आहे.

कारण पिका हिवाळ्यात निद्रिस्त होत नाही. उन्हाळा सरू लागताच तो गवत आणि पाने तोडून, वाळवून, पावसापासून आडोसा देणाऱ्या खडकांखाली त्यांची रीतसर गंजी रचतो. अमेरिकेतील त्याच्या भाईबंदांवरील संशोधनात तर असे दिसले, की ताजेपणी विषारी असलेल्या वनस्पतीही तो साठ्यात घालतो. त्यांतील द्रव्यांमुळे साठा टिकतो आणि ती कालांतराने ओसरली, की मग तो त्या खातो. आमच्या कितीक कोठारांना एवढी अक्कल लाभलेली नाही! पालासच्या काळी अल्तायमध्ये माणसाच्या उंचीच्याही गंज्या आढळत, आणि सेबलचे शिकारी त्या खुशाल उचलून घोड्यांपुढे टाकीत. यासक शिकाऱ्याने भरला. त्याच्या घोड्याची वैरण पुरविली पिकाने.

कामचात्कातील रीत निराळी होती. उंदरासारख्या एका प्राण्याने बिळात साठविलेली कंदमुळे तेथील लोक उकरून नेत खरे, परंतु तो उपाशी मरू नये म्हणून बदल्यात माशांची सुकी अंडी ठेवीत, असे रशियन संशोधक क्राशेनिन्निकोव्हच्या १७५५ मधील ग्रंथात नमूद आहे. या जातीला शास्त्रीय नाव देताना, १७७६ साली, पालासने 'इकोनॉमस', म्हणजे काटकसरी कारभारी, हा शब्द निवडला.