निकालावर मोल

शिक्षकाचे वेतन विद्यार्थ्यांच्या निकालावरून ठरवावे, ही सूचना अधूनमधून मोठ्या नवलाईने मांडली जाते. ती ऐकली की आम्हांस रॉबर्ट लो यांची आठवण होते. १८६२ साली इंग्लंडात लागू झालेल्या सुधारित शिक्षणसंहितेचे कर्ते हेच. तिच्यानुसार शाळेस दर मुलामागे हजेरीचे चार शिलिंग मिळत आणि परीक्षेचे आठ. वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी एकात मूल नापास झाले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. हिशेब चोख होता. शाळांनीही तो तितक्याच चोखपणे ओळखला. इतिहास-भूगोलास पैसा नव्हता, ते मागे पडले. वाचनाचे पुस्तक ठरलेले, म्हणून तेच वर्षभर घोकून घेतले जाई. पुस्तक उलटे धरूनही पोरे बिनचूक 'वाचीत', असे किस्से प्रसिद्ध आहेत.

कवी मॅथ्यू अर्नॉल्ड तेव्हा पोटासाठी शाळातपासनीस होते. (कवींना असली कामे चुकत नाहीत.) १८६७च्या अहवालात त्यांनी स्पष्टच नोंदवले की, युक्तीने तयारी करून घेतल्यास खरोखर लिहिता-वाचता न येणारे मूलही या परीक्षेत उत्तीर्ण होऊ शकते. तरीही ही पद्धत मोडीत निघण्यास १८९०चे दशक उजाडावे लागले.

दरम्यान ती मुंबई इलाख्यात येऊन पोचली होती. खासगी शाळांचे सरकारी अनुदान येथेही निकालावर ठरू लागले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात या पद्धतीवर नेमके बोट आहे. ज्यांना विद्येची गोडीच अजून लागलेली नाही, त्या बहुजनांच्या शिक्षणास ती निरुपयोगी, असे त्यांचे म्हणणे. पोट भरेल याची शाश्वती नसता अशी शाळा चालवण्यास पंतोजी धजेल कसा?

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. फुले प्रलोभनांच्या विरुद्ध नव्हते. शूद्र मुलांना सढळ शिष्यवृत्त्या द्या, सहामाही वा वार्षिक बक्षिसे द्या, असे तेच सांगत होते. लो यांनी अनिश्चितता शिक्षकाच्या पदरात टाकली आणि मुलाला काही दिले नाही. फुल्यांनी आमिष मुलापुढे ठेवले आणि शिक्षकाला निश्चिंत केले. दोन्ही बाजूंना पैसाच आहे, पण वर्गात घडणारी गोष्ट निराळी. अर्नॉल्ड यांनी रोग अचूक ओळखला खरा, परंतु आमच्या मते त्याचे औषध पुण्याच्या या निवेदनात अधिक सापडते.

शिक्षकाचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी १५ ते २० असावा, असे फुले लिहितात. आणि तो शिक्षक असा हवा की, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला त्याला लाज वाटणार नाही.