शॉर्टकटची साथ

इ. स. १६८७ च्या सप्टेंबर महिन्यात गोवळकोंड्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती आला, तो आठ महिने तोफा डागून तट पडला म्हणून नव्हे, तर अब्दुल्लाखान पन्नी नामक सरदाराने फितूर होऊन रात्रीच्या वेळी एक खिडकी आतून उघडून दिली म्हणून. ज्या मुलखाचा कारभार पुढे १९५६ पर्यंत हैदराबादेहून चालला, त्या नांदेड-लातूरच्या वाचकास ही हकीकत नवी नाही. एकविसाव्या शतकाच्या आरंभी याच दोन शहरांतील संगणकांवर जी साथ आली, तिचे मर्म समजण्यास त्या खिडकीचे स्मरण उपयोगी पडते.

संगणकाच्या मालकास नकळत परक्यास आत येण्याची मुभा देणारा जो गुप्त प्रोग्राम, त्यास या व्यवसायात बॅकडोअर म्हणतात. १९९८ साली प्रसिद्धीस आलेले नेटबस व बॅक ऑरिफिस हे प्रोग्राम ठरावीक पोर्ट उघडून बाहेरच्या हुकुमाची वाट पाहत बसत. परंतु पुढे घरोघरी राउटर आले, फायरवॉलची चौकी बसली आणि बाहेरून येणाऱ्यास अटकाव होऊ लागला, तेव्हा या विद्येच्या जाणकारांनी दिशाच उलटी केली. आतला प्रोग्राम स्वतःच ठरावीक अंतराने बाहेर आपल्या धन्याकडे हजेरी लावू लागला, आणि आतून बाहेर जाणाऱ्याची झडती घेण्याची वहिवाट बहुतेक चौक्यांवर नसल्यामुळे तो बिनदिक्कत जाऊ-येऊ लागला.

आता ही आतली खिडकी आमच्याकडे कोणी उघडली, हे पाहू. एमएस-सीआयटीच्या परीक्षेने तालुक्या-तालुक्यांत संगणकाचे वर्ग निघाले. लातुरात शिकवणीसाठी आलेल्या हजारो विद्यार्थ्यांचे अर्ज, निकाल व हॉल तिकिटे नेट कॅफेतून निघू लागली. नांदेडात २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या सुमारास शहराचे रूप पालटत असता डीटीपीची व छायाचित्रांची दुकानेही वाढत गेली. या साऱ्या यंत्रांवरील विंडोज विकत घेतलेली असे, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. मराठी अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरला किल्लीवजा कुलूप असे, ते तोडणारा 'क्रॅक' सीडीवर हातोहात फिरे, आणि त्यासोबतच्या सूचनांत पहिली सूचना बहुधा हीच असे की, अँटिव्हायरस तात्पुरता बंद करावा. पहारेकऱ्यास रजा देऊन पाहुण्यास आत घ्यावे, आणि पाहुण्याची रुजुवात कोणी करू नये, असा हा बंदोबस्त! लग्नपत्रिका छापणाऱ्या गरीब कारागिरास यात दोष देणे आमच्या जिवावर येते. अस्सल प्रतीची किंमत त्याच्या अनेक दिवसांच्या मिळकतीएवढी होती.

साथीचे खरे वाहन मात्र पेनड्राइव्ह. साधारण २०१३-१४ च्या सुमारास 'शॉर्टकट व्हायरस' हे नाव शाळेच्या कारकुनापासून फोटोग्राफरपर्यंत सर्वांच्या तोंडी झाले. पेनड्राइव्ह लावावा, तो 'बायोडाटा', 'पत्रिका', 'फोटो' ही परिचित फोल्डरे दिसावीत, परंतु प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक चिमुकला वाकडा बाण असावा. खरी फोल्डरे लपविलेली असत, आणि त्या बाणाच्या चिन्हावर क्लिक करताच आधी एक छोटी स्क्रिप्ट चाले व लगोलग खरे फोल्डरही उघडे, जेणेकरून यंत्राच्या मालकास संशयच येऊ नये. संगणक दुरुस्त करणारा दुकानदार काळ्या खिडकीत 'ॲट्रिब'चा हुकूम टंकून लपलेल्या फाइली प्रकट करी, शॉर्टकट पुसून टाकी, आणि गिऱ्हाईक समाधानाने निघून जाई. वास्तविक या जातीच्या स्क्रिप्टांपैकी जेन्क्सकस नामक एक मोठे कुळ केवळ फाइली लपविणारे नव्हतेच. ते बॅकडोअर होते. लपलेल्या फाइली हे रोगाचे अंगावर उठलेले पुरळ, आणि उपचार पुरळावर होत राहिला.

त्या कुळाचा पाठलाग दूरदेशी झाला. जून २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेतील नेवाडाच्या न्यायालयाचा हुकूम मिळवून, जेन्क्सकस व ब्लाडाबिंडी ही कुळे ज्यांच्या आश्रयाने हजेरी लावीत, ती नो-आयपी या सेवेची अनेक इंटरनेट नावे ताब्यात घेतली. त्या ओढाताणीत लाखो निरपराध ग्राहकांच्या सेवाही खंडित झाल्या, आणि काही दिवसांतच नावे परत करावी लागली. इकडे पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील खोक्यांतून आमच्या दुकानांत विकले जात होतेच; परंतु ज्या यंत्रावर ते मुदत संपून पडलेले असे, तेथे त्याचा उपयोग कुलूप नसलेल्या कडीइतकाच.

शेवटचा उपाय म्हणजे 'फॉरमॅट मारणे'. याची निंदा सरसकट करणे अन्यायाचे होईल, कारण ज्या यंत्रात परका नांदून गेला, त्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते नव्याने मांडणे हेच आजही अधिक शहाणपणाचे ठरते. परंतु त्याच बैठकीत बाधित पेनड्राइव्हवरून जुना डेटा परत ओतला जाई आणि संध्याकाळपर्यंत वाकडे बाण पुन्हा उमटत. समजून केलेल्या उपचाराचा क्रम निराळा होता. आधी नेटची तार काढावी; टास्क मॅनेजरमध्ये 'डब्ल्यूस्क्रिप्ट' चालू दिसल्यास तो थांबवावा; स्टार्टअप फोल्डरातली व रजिस्ट्रीतली त्याची नोंद उखडावी; मग दुसऱ्या, स्वच्छ माध्यमावरून यंत्र सुरू करून सर्व डिस्क तपासावी, आणि घरातला प्रत्येक पेनड्राइव्ह त्या तपासणीतून जावा. अवघड शंका असल्यास, ब्राउझर बंद असता 'नेटस्टॅट'च्या यादीत एखादी अनोळखी जोडणी जिवंत आहे काय, हे पाहून तिच्या क्रमांकावरून प्रोग्रामचा माग काढावा. आणि सर्वांत शेवटी, दुसऱ्या निरोगी यंत्रावरून ईमेलचे व बँकेचे पासवर्ड बदलावेत, कारण किल्ल्यांच्या नकला परक्याकडे आधीच गेलेल्या असतात.

हे अखेरचे काम दुकानात क्वचितच होई. पावतीवर फॉरमॅटची रक्कम असे, अँटिव्हायरसची असे. तपासाची रक्कम लिहिण्याची पद्धत नव्हती, आणि ज्याचे मोल मिळत नाही ते काम रांगेत उभ्या गिऱ्हाइकांसमोर तासभर करीत बसणे त्या तरुण दुरुस्ती-कारागिरास परवडण्याजोगे नव्हते.