चार भिंतींआडचा गवई

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ल्यांचे तट उभे राहतात. आज मी आपणांस एका अगदी लहान तटाची हकीकत सांगणार आहे. त्याच्या आत राजा नाही, की दारूगोळा नाही. भिंतीलगत बाक, मध्ये टेबल, समोर पडदा आणि बेसूर का होईना, पण मनापासून गाणारी चार माणसे, एवढाच त्याचा संसार. जपानात या खोलीला 'काराओके बॉक्स' म्हणतात.

या विषयाकडे मी वळलो त्याचे कारण खासगी आहे. शाळेत असताना समूहगीताच्या वेळी मला सांगण्यात आले होते की, 'तू नुसते ओठ हलव.' त्यानंतर चारचौघांत मी कधी गायलो नाही. या सभागृहातही असे ओठ हलवणारे बरेच जण असतील. माणसाचा गळा बंद होतो तो घशाच्या दोषाने क्वचितच. बहुधा तो बंद होतो दुसऱ्याच्या नजरेने. ही नजर दूर कशी ठेवावी, याचा शोध म्हणजेच या खोलीचा इतिहास होय.

'कारा' म्हणजे रिकामे, आणि 'ओके' हा 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाचा जपानी संक्षेप. वाद्यवृंद वाजतो आहे, गायकाची जागा मात्र रिकामी आहे. ती तुम्ही भरायची. पण हौशी गायकाला वाव देण्याचा विचार जपानात या यंत्राच्या आधीपासून होता. युद्धात होरपळलेल्या त्या देशाच्या नभोवाणीने १९४६ च्या जानेवारीत सामान्य नागरिकांची गायनस्पर्धा सुरू केली. पुढे १९५० नंतरच्या दशकात 'गाण्यांची कॉफीगृहे' निघाली. तेथे ॲकॉर्डियनच्या साथीवर सारे गिऱ्हाईक एकमुखाने गात. म्हणजे वाटा दोनच होत्या: साऱ्या देशासमोर एकट्याने उभे राहायचे, नाहीतर समूहात आपला आवाज विरघळवून टाकायचा. आवाज आपलाच असावा, पण ऐकणारेही आपलेच असावेत, अशी तिसरी वाट नव्हती.

तिची पहिली पायरी यंत्राने घातली. १९६७ साली टोकियोतील शिगेइची नेगिशी या कारखानदाराने साथीच्या फितीवर गाता येईल अशी पेटी तयार केली. त्याच्या गाण्याची कारखान्यात थट्टा झाली होती आणि त्या थट्टेतूनच ही कल्पना सुचली, असे तो सांगे. पुढे कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा साथीदार होता. मद्यगृहांतील गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करणे हा त्याचा पेशा. एका धनिक गिऱ्हाइकाने त्याला प्रवासात साथीला बोलावले. नोकरी सोडून जाणे शक्य नव्हते, म्हणून त्याने साथ ध्वनिमुद्रित करून दिली. गिऱ्हाईक खूष झाले. १९७१ साली इनोउएने अशी अकरा यंत्रे कोबेतील मद्यगृहांना भाड्याने दिली. हौशी गळ्याला झेपेल अशा पट्टीत साथ बांधणे, ही त्याची खरी हुशारी. आपल्या यंत्राचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही, आणि नेगिशीनेही नाही. २००४ साली इनोउएला विनोदी संशोधनासाठी दिले जाणारे 'इग नोबेल' शांततेसाठी मिळाले. माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल!

परंतु यंत्र आले म्हणून संकोच गेला असे मात्र झाले नाही. मद्यगृहात गाणाऱ्यासमोर अनोळखी टेबले असत. पाळी येईपर्यंत थांबावे लागे, आणि साहेब बरोबर असला तर नको असतानाही गावे लागे. ही जागा मुख्यतः नोकरदार पुरुषांची; स्त्रिया, विद्यार्थी, मुलेबाळे बाहेरच राहत. शिवाय रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या या गाण्याने शेजारीपाजारी त्रासले आणि तक्रारी होऊ लागल्या.

अशा वेळी, सुमारे १९८४-८५ च्या सुमारास, ओकायामा प्रांताच्या ग्रामीण भागात कोणीतरी माल वाहण्याचा एक जुना लोखंडी डबा भाताच्या शेतात ठेवून त्यात हे यंत्र बसविले. पहिला काराओके बॉक्स तो हाच, असे मानले जाते. वस्तीपासून दूर असलेल्या या डब्यातून आवाज बाहेर जाऊन कोणाची झोप मोडेल, ही धास्ती उरली नाही. पण गंमत अशी की, जी भिंत बाहेरच्यांना गाण्यापासून वाचवीत होती, तीच गाणाऱ्यालाही बाहेरच्यांपासून वाचवू लागली. माझ्या मते या इतिहासाचे मर्म येथेच आहे.

पुढे शहरांतून मजल्यांमागून मजले अशा खोल्यांनी भरले, आणि त्यांची रचना अनुभवाने ठरत गेली. बाक बहुधा तीन भिंतींना लागून आणि चौथ्या भिंतीवर पडदा. त्यामुळे गाणाऱ्याचे व ऐकणाऱ्यांचे डोळे एकाच दिशेला लागतात. कोणी कोणाच्या तोंडाकडे टक लावून पाहत नाही. गीताचे शब्द पडद्यावर येतात, तेव्हा विसरण्याची भीती नाही. दिवे मंद. पैसे गाण्यामागे नव्हे, तर वेळेच्या हिशेबाने. म्हणून फसलेले गाणे मध्येच सोडले तरी हळहळ वाटत नाही. खाण्यापिण्याचे सांगायला भिंतीवर टेलिफोन, कारण नोकर आत आला की गाणारा हमखास अडखळतो. ज्यांना गायचेच नाही त्यांच्या हाती खंजिरी देतात. त्यांनाही काम मिळते आणि कोणी नुसता परीक्षक म्हणून बसत नाही.

आवाजाची युक्ती तर पाहण्यासारखी आहे. आपण न्हाणीघरात गातो तेव्हा गुळगुळीत भिंती आवाज परतवतात आणि आपलाच गळा आपल्याला भरदार वाटतो. उलट, गाद्या-पडद्यांनी भरलेली खोली आवाज पिऊन टाकते. तेथे प्रत्येक दोष उघडा पडतो. म्हणून हे लोक भिंती जाड करतात, आतला घुमारा आवरतात, आणि मग यंत्राने मोजका प्रतिध्वनी मिसळून न्हाणीघराचे औदार्य परत आणतात. पट्टीही कळ दाबून वरखाली करता येते. गायकाने गाण्याकडे जावे, या जुन्या नियमाऐवजी येथे गाणेच गायकाकडे येते.

१९९२ पासून गाणी टेलिफोनच्या तारांवरून येऊ लागली आणि निवड अफाट झाली. त्या दशकाच्या मध्यास पाच कोटींहून अधिक जपानी वर्षातून एकदा तरी काराओके गात. कोरियातील बुसान येथे १९९१ मध्ये असेच 'गाण्याचे घर' निघाले आणि ते लोण देशभर पसरले.

परंतु बंद दाराची काळी बाजूही सांगितलीच पाहिजे. अशा खोल्यांत मुले बिघडतील, ही पालकांची व पोलिसांची काळजी होती. म्हणून दारांना काचा आल्या आणि अल्पवयीनांना रात्री मज्जाव झाला. त्याहून मोठा धडा २००७ च्या जानेवारीत मिळाला. ज्या ह्योगो प्रांतातील कोबेत इनोउएचे यंत्र जन्मले, त्याच प्रांतातील ताकाराझुका येथे एका काराओके बॉक्सला आग लागून तिघांचा मृत्यू झाला. जी भिंत आतले गाणे बाहेर जाऊ देत नाही, ती बाहेरची धोक्याची घंटाही आत येऊ देत नाही. पुढे अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. मोकळेपणासाठी बांधलेल्या खोलीत बाहेर पडण्याची वाट स्पष्ट नसेल, तर तो मोकळेपणा नव्हे.

२०११ साली टोकियोत केवळ एकेकट्या गायकासाठी खोल्या निघाल्या. कानांवर हेडफोन आणि समोर मायक्रोफोन. श्रोता कोणीच नाही. काहींना यात एकाकीपणाचा कळस दिसतो. मला तसे वाटत नाही. एकटा सराव करून तोच माणूस उद्या मित्रांच्या खोलीत जातो, असेही घडते. दार बंद करण्याचा अधिकार ज्याला असतो, तोच ते आपखुशीने उघडू शकतो.

श्रोतेहो, आपण नाट्यगृहे बांधतो, सभागृहे बांधतो. ती चांगले गाणाऱ्यांसाठी असतात, आणि असावीतच. पण ज्याला लहानपणी ओठच हलवायला सांगितले, त्याच्यासाठी कोणी काही बांधले का, असे विचारले, तर भातशेतातल्या त्या गंजक्या डब्याकडे बोट दाखवावे लागेल. त्या डब्याने कोणालाही गवई केले नाही. त्याने फक्त परीक्षकांना बाहेर ठेवले. एवढ्यानेच कोट्यवधी माणसे गाऊ लागली, यावरून इतकी वर्षे त्यांना कोणी गप्प ठेवले होते, याचा विचार आपण घरी जाताना करावा.