मुक्कामाचे दिवस

उंच पर्वतावर माणसास जो विकार जडतो, त्याची एक अतिप्राचीन नोंद कोण्या गिर्यारोहकाची नाही, वैद्याचीही नाही. ती एका दरबारी अधिकाऱ्याची आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात चीनच्या हान दरबारातील तू-छिन याने असा सल्ला दिला की, किपिन देशाच्या वकिलांना पोचविण्यासाठी आपली पथके पाठवू नयेत. किपिन म्हणजे काश्मीर-गांधाराकडील मुलूख. वाटेत ‘मोठी डोकेदुखी’ व ‘छोटी डोकेदुखी’ अशा नावांचे डोंगर लागतात. तेथे माणसांचे अंग तापते, डोके ठणकते, वांत्या होतात आणि गाढवे-गुरेही त्यातून सुटत नाहीत, असे त्याने नमूद केले. आम्हां कारकुनी पेशाच्या लोकांना या टिपणाचे विशेष कौतुक वाटते.

रोग ओळखला गेला, तरी कारण कळावयास फार काळ जावा लागला. पेरूतील पर्वत ओलांडताना आजारी पडलेल्या आकोस्ता या जेझुइट पाद्र्याने १५९० च्या आपल्या ग्रंथात तेथील हवेलाच दोष दिला. तो अंदाज बरोबर दिशेचा होता. पुढे १८७८ मध्ये पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने उलगडा केला. हवेतील प्राणवायूचा वाटा वरही शेकडा २१ इतकाच असतो. उतरतो तो हवेचा दाब. १८,००० फुटांवर तो जवळजवळ निम्मा होतो, आणि त्या मानाने प्राणवायू रक्तात कमी शिरतो. शरीर यावर उपाय करते. श्वास वाढतो, मूत्रपिंडे रक्ताचा समतोल पुन्हा साधतात, तांबड्या पेशी हळूहळू वाढतात. परंतु हे दिवसांचे आणि आठवड्यांचे काम आहे. पैलवानाचे शरीरही ते एका रात्रीत उरकू शकत नाही.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे यश पुष्कळांना २९ मे या एका दिवसात दिसते. आम्हांस ते मार्च-एप्रिलच्या वेळापत्रकात अधिक दिसते. १० मार्चला काठमांडूहून निघालेली मंडळी पायी चालत महिनाअखेरीस सुमारे १२,७०० फुटांवरील थ्यांगबोचे मठापाशी पोचली. हंट यांनी त्यानंतरचे जवळजवळ तीन आठवडे केवळ उंची अंगवळणी पाडण्यासाठी राखून ठेवले होते. या दिवसांत आसपासची शिखरे चढावयाची आणि निजावयास खाली यावयाचे. आदल्या वर्षी चो ओयूच्या मोहिमेत डॉ. ग्रिफिथ प्यू यांनी श्वास, प्राणवायू आणि पाणी यांची मोजमापे केली होती, त्यांचाही आधार होता. बर्फ वितळवून भरपूर पाणी प्यावे, हा साधा नियम त्या अभ्यासाने पक्का केला.

हे ज्ञान उपलब्ध असताना १९६२ साल उजाडले. थागला कड्याखालच्या नामका चू खोऱ्यात आपल्या पलटणी घाईघाईने नेण्यात आल्या. अनेक जवान सुती गणवेशात होते, आणि १४,००० फुटांवरील व त्याहून उंच जागी जाण्यापूर्वी पुरेसा मुक्काम त्यांना मिळाला नव्हता. २० ऑक्टोबरला शत्रूचा हल्ला झाला. पण त्याआधीच फुप्फुसात पाणी साचून माणसे दगावू लागली होती. कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल कौल यांनाही आजारी अवस्थेत दिल्लीस आणावे लागले. शौर्याविषयी आम्हांस शंका नाही. पण ज्या आदेशात तारीख आहे आणि मुक्काम नाही, त्यास योजना म्हणता येत नाही.

त्या काळातील अनुभवाचा अभ्यास मात्र झाला, हे मान्य करावयास हवे. इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी १,९२५ भारतीय जवानांच्या पर्वतविकाराचा वृत्तांत १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. लक्षणे पोचताक्षणी दिसत नाहीत, ती सहा ते शहाण्णव तासांत दिसू लागतात, ही त्यातील मोठी उपयुक्त गोष्ट. पहिल्या संध्याकाळी ज्याला ‘मला काहीच होत नाही’ असे वाटते, तो अजून परीक्षेस बसलेलाच नसतो! आज सैन्याच्या रीतीप्रमाणे ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १५,००० पर्यंत आणखी चार, त्यापुढे पुन्हा चार असा क्रम ठरलेला आहे. पहिले दोन दिवस विश्रांतीचे, मग सपाटीवर चालणे, मग हळूहळू चढ. रजेवर जाऊन दहा दिवसांपेक्षा अधिक काळ खाली राहिलेल्यासही पुन्हा मुक्काम करावा लागतो, कारण कमावलेली सवय शरीर सोडून देते.

आमच्या वाचकांपैकी कोणाची बदली लेहला होते, कोणी प्रवास-सवलत घेऊन कुटुंबासह तिकडे निघतो. दिल्लीहून विमान सकाळी सुटते आणि न्याहारीच्या सुमारास ११,००० फुटांवर नेऊन सोडते. म्हणून काही मंडळी मनालीचा रस्ता सौम्य समजून पत्करतात. मनाली ६,७०० फुटांवर. परंतु पुष्कळांची दुसरीच रात्र सुमारे १४,००० फुटांवरील सरचूला पडते, म्हणजे लेहपेक्षाही उंच. श्रीनगरहून जाणाऱ्यास रात्रीचा मुक्काम कारगिलला, ९,००० फुटांच्या आतच मिळतो. रजा मोजकी असली की अर्जदार प्रथम हेच विसाव्याचे दिवस कापतो आणि पँगाँगचा दिवस राखतो.