दोन जाफराबादांचे ऋतुमान

जालना जिल्ह्यातील जाफराबाद आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील, आज गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात मोडणारे जाफराबाद ही दोन्ही गावे उत्तर अक्षांशाच्या २० ते २१ अंशांच्या पट्ट्यात आहेत, म्हणजे दोहोंच्या माथ्यावर वर्षभर जवळपास सारखाच सूर्य तळपतो; तरीही एकाचे ऋतुमान समुद्राने घडवले आहे, तर दुसऱ्याचे दख्खनच्या काळ्या जमिनीने, आणि हा भेद दोन्ही गावांच्या इतिहासात खोलवर उतरलेला दिसतो.

पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते, त्यामुळे समुद्रकाठी दैनिक तापमानकक्षा, म्हणजे दिवसाच्या कमाल आणि रात्रीच्या किमान तापमानातील अंतर, अरुंद राहते. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे हे अंतर आणखी आवळतात. किनाऱ्यावरच्या जाफराबादेत मे महिन्यातील दुपार सहसा ३५ अंशांच्या आतच राहते; पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारे जमिनीकडून वाहू लागले की तेथील दिवस पुन्हा तितकेच तापतात, म्हणून तेथे वर्षातून दोनदा उन्हाळा जाणवतो. खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या परिसरातील जाफराबादेत मात्र मे महिन्यातील कमाल तापमानाची सरासरी ४० अंशांच्या आसपास जाते आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बारा अंशांच्याही खाली उतरतात. ऑक्टोबरचा उकाडा तेथेही असतो, पण वैशाखाच्या मानाने तो किरकोळ ठरतो.

किनाऱ्यावरचे जाफराबाद अठराव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्दींच्या ताब्यात आले आणि संस्थाने विलीन होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले, त्यामुळे कोकणातील मुरूड आणि हे दूरचे बंदर यांचा कारभार एकाच गादीखाली चाले. या बंदराची ओळख बोंबलाची. बोंबलात पाण्याचे प्रमाण फार असल्याने तो लवकर नासतो, आणि बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांना, ज्यांना कोकणात वलांडी म्हणतात, अडकवून तो सुकवायचा तर ऊन जितके लागते तितकाच कोरडा वाराही लागतो. तो वारा पावसाळ्यानंतरच मिळतो. मे महिन्याची दमट हवा त्या कामाची नाही. कोळ्यांचे वर्ष म्हणूनच नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र शांत होऊ लागल्यावर सुरू होते.

दख्खनमध्ये वर्षाचा आरंभ दुसऱ्याच टोकाला मानला गेला. मराठी कागदपत्रांत सर्रास आढळणारा सुहूर सन सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून मोजला जाई आणि त्यामुळेच त्याला मृगसाल म्हणत. जमीन पुरती तापून भेगाळल्यानंतर येणाऱ्या पहिल्या पावसाशी महसुलाचे वर्ष बांधण्यात मोठे शहाणपण होते, कारण सरकारचा सारा वसूल त्याच पावसावर अवलंबून होता. थंडीचे मोलही येथे तेवढेच. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या गारव्यावर शाळू, गहू आणि हरभरा पोसला जातो. थंडी लवकर सरली की गव्हाचा दाणा नीट भरत नाही. घरेही याच ऋतुक्रमाने घडली. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचे थर देऊन केलेले सपाट छत, दुपारची उष्णता आत उशिरा पोहोचू देत आणि उन्हाळ्यातील रात्री त्याच माळवदावर उघड्या आभाळाखाली झोपण्याची सोय होई.

या ऋतुचक्राने लढाईचेही वेळापत्रक ठरवले होते. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून, नद्या ओसरल्यावर निघत; १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने मात्र भर पावसाळ्यात, ऑगस्टमध्येच अहमदनगरचा किल्ला घेतला, कारण भरलेल्या नद्यांमुळे मराठ्यांच्या घोडदळाची हालचाल अडते, असा त्याचा हिशेब होता. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला जाफराबादच्या परिसरातील आसई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी त्याची गाठ पडली, तेव्हा खेळणा नदी ओलांडण्याचा प्रश्न त्याच्यासमोरही उभा राहिला. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे वसलेली पाहून त्याने तेथे उतार असणारच असा तर्क केला, तो खरा ठरला, आणि त्याच उतारावरून सैन्य पलीकडे नेऊन त्याने प्रचंड मनुष्यहानी सोसत ती लढाई जिंकली.