फेरलढत कोणाकडे मागावी?

सुलतान बाजार, काचीगुडा, गौळीगुडा या भागांतील जुन्या मराठी घरांत एक शिकवण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हार झाली तर तिचा बोभाटा करू नये. झाले गेले गंगेला मिळाले असे म्हणून आपल्या कामाला लागावे. परमुलखात येऊन स्थिरावलेल्या आणि कचेरीतील चोख कामामुळे नाव मिळवलेल्या घराण्यांना ही शिकवण मानवली. पुष्कळ प्रसंगी ती शहाणपणाचीही ठरली. आम्हीही तिच्यातच वाढलो. परंतु 2019 साली तेलंगणातील एका मुलीने आम्हाला तिचा फेरविचार करावयास लावले. हरलेल्या खेळाडूने फेरलढत मागावी काय, हा वरवर पाहता आखाड्यातला प्रश्न आहे. पण त्याचे धागे आपल्या घरापर्यंत येतात.

ती मुलगी म्हणजे निखत झरीन. तिचा जन्म 1996 सालचा, निजामाबादचा. हे गाव म्हणजे आपले जुने इंदूर. नांदेड जिल्ह्याला लागूनच त्याची सरहद्द. 2011 मध्ये तुर्कस्तानात झालेल्या कुमार गटाच्या जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले होते. मे 2019 मध्ये गुवाहाटीच्या इंडिया ओपन स्पर्धेत, उपांत्य फेरीत, तिची गाठ मेरी कोमशी पडली आणि ती हरली. मेरी कोम म्हणजे सहा वेळची जगज्जेती आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकची कांस्यपदक विजेती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक स्पर्धेसाठी 51 किलो गटात निवड चाचणी न घेताच मेरीची निवड झाली. मेरीने तेथून कांस्यपदक आणले. तेव्हा ऑलिंपिक पात्रता स्पर्धेलाही तिलाच पाठवावे, असा महासंघाचा कल दिसू लागला. निखतने ऑक्टोबरमध्ये तत्कालीन क्रीडामंत्री किरेन रिजिजू यांना जाहीर पत्र लिहिले आणि चाचणी मागितली. ऑलिंपिकमध्ये तेवीस सुवर्णपदके मिळवणाऱ्या मायकेल फेल्प्सलाही दर वेळी पात्रता सिद्ध करावी लागत असे, याची आठवण तिने त्यात करून दिली होती.

मे महिन्यात हरलेल्या मुलीने ऑक्टोबरमध्ये पुन्हा गाठ मागावी, हे अनेकांना उद्धटपणाचे वाटले. खरे सांगायचे तर आम्हालाही प्रथम तसेच वाटले. मग आमच्या कचेरीतल्या सवयीने आम्ही त्या पत्राकडे पाहिले. हरलेल्या पक्षाची कागदपत्रे दोन प्रकारची असतात. एकात तो म्हणतो, निकाल मला मान्य नाही, पुन्हा पाहा. असा अर्ज नवा पुरावा नसेल तर सहसा टिकत नाही. दुसऱ्यात तो म्हणतो, ज्या पद्धतीने निर्णय व्हावयास हवा होता ती पद्धतच पाळली गेली नाही. हा अर्ज नाकारता येत नाही, मग अर्जदार कितीही लहान असो. निखतने मेमधील निकालावर बोट ठेवले नव्हते. तिने चाचणीचा नियम मागितला होता.

ही दोन प्रकारांची कसोटी मुष्टियुद्धाच्या इतिहासाला लावून पाहण्यासारखी आहे. अमेरिकेचा फ्लॉइड पॅटरसन 1959 मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनकडून हरला. वर्षभराने त्याने फेरलढत जिंकली आणि गमावलेले हेवीवेट विजेतेपद परत मिळवणारा तो पहिला मुष्टियोद्धा ठरला. तोच पॅटरसन 1962 मध्ये सनी लिस्टनपुढे पहिल्याच फेरीत कोसळला. 1963 मध्ये पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा पहिल्याच फेरीत कोसळला. माणूस तोच, जिद्दही तीच. पण दुसऱ्या वेळी नवा पुरावा काही नव्हता. जो लुईने मात्र 1936 मध्ये जर्मनीच्या माक्स श्मेलिंगकडून मार खाल्ल्यावर दोन वर्षे स्वतःला घडवले, मधल्या काळात जगज्जेतेपद मिळवले आणि 1938 मध्ये त्याच श्मेलिंगला दोन मिनिटांच्या आसपास संपवले.

जॅक डेम्प्सीची गोष्ट याहून निराळी. 1926 मध्ये जीन टनीने त्याला हरवले. 1927 च्या फेरलढतीत डेम्प्सीने टनीला खाली पाडले. पण नियमाप्रमाणे लांबच्या कोपऱ्यात जाण्यास त्याने विलंब केला, म्हणून पंचाची मोजणी उशिरा सुरू झाली आणि तेवढ्या अवधीत टनी सावरून उठला. डेम्प्सी गुणांवर हरला. लोक अनेक वर्षे त्या लांबलेल्या मोजणीविषयी वाद घालत राहिले. परंतु नियमाने डेम्प्सीवर अन्याय केला नव्हता. तोच नियम विसरला होता. त्यानंतर टनीशी त्याची तिसरी लढत झाली नाही.

आपल्या कुस्तीतही असा दाखला आहे. लंडनमध्ये सप्टेंबर 1910 मध्ये पोलंडचा झिबिस्को गामा पहिलवानासमोर अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती अनिर्णित सुटली. आठवड्याने ठरलेल्या कुस्तीला तो आलाच नाही. निकाली कुस्ती झाली ती सतरा वर्षांनी, जानेवारी 1928 मध्ये पतियाळ्याला. गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. एकदा पाठ फिरवलेला माणूस उतारवयात पुन्हा समोर येऊन चीत झाला, यात आम्हाला त्याचा पराभव कमी आणि उशिरा का होईना, फेडलेले ऋण अधिक दिसते.

आपल्या शहराचा इतिहास पाहिला तर निजाम आणि मराठे हीसुद्धा अशीच पुन्हा पुन्हा लागलेली जोड. पालखेड 1728, भोपाळ 1737, उदगीर 1760, राक्षसभुवन 1763 आणि शेवटी मार्च 1795 मध्ये खर्डा. खर्ड्यास निजामाचा मोठा मानभंग झाला, त्याच्या दिवाणाला ओलीस म्हणून पुण्याला जावे लागले. पण त्या अटींतून त्याची बरीचशी सुटका झाली ती रणांगणावर नव्हे, तर सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर पुण्यात माजलेल्या कलहात, 1796 च्या महाडच्या कराराने. गमावलेले परत मिळवायला दर वेळी फेरलढतच लागते असे नाही, हेही यावरून ध्यानात येते.

निखतला तिची चाचणी मिळाली. 28 डिसेंबर 2019 रोजी दिल्लीत ती मेरीपुढे उभी राहिली आणि 9-1 अशी हरली. लढतीनंतर मेरीने हस्तांदोलनही केले नाही. ज्यांनी आधी उद्धट म्हटले होते त्यांना आता हसायला जागा मिळाली. पण निखत या निकालाला धरून बसली नाही. मे 2022 मध्ये इस्तंबूलला आणि मार्च 2023 मध्ये दिल्लीला ती जगज्जेती झाली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या वू यूने तिला 5-0 असे हरवले आणि पुढे सुवर्णपदकही जिंकले. त्यानंतरही निखत थांबली नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत तिने सुवर्णपदक मिळवले. फेरलढत मागितल्याने तिची पत गेली नाही, आणि ती हरल्यानेही गेली नाही.

येथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. नव्वदच्या दशकात एका ज्येष्ठता यादीत आमचे नाव आमच्याहून कनिष्ठ दोघांच्या खाली लागले. चूक उघड होती. घरी वडिलांनी नेहमीचेच सांगितले, आपण बाहेरून आलेली माणसे, वाद वाढवू नये. आम्ही अर्ज केला नाही आणि त्यालाच संयम म्हणत राहिलो. त्याच यादीत खाली ढकललेल्या एका तेलुगू सहकाऱ्याने मात्र अर्ज केला. तो फेटाळला गेला. परंतु पुढच्या वेळेपासून आमच्या कचेरीत कच्ची यादी लावून हरकती मागवण्याची पद्धत सुरू झाली. तिचा लाभ आमच्यानंतर आलेल्या कितीतरी जणांना झाला. त्या सहकाऱ्याचे आभार मानायचे आमच्याकडून राहूनच गेले.

म्हणून आमचे मत आता असे झाले आहे. प्रतिस्पर्ध्याचा विजय सलतो एवढ्यासाठी फेरलढत मागू नये. स्वतःत काही बदल घडला नसेल तरीही मागू नये. पण नियम डावलला गेला असेल, तर ती अवश्य मागावी. आणि ती प्रतिस्पर्ध्याकडे नव्हे, नियमाच्या राखणदाराकडे मागावी. मागताना पुन्हा हरण्याची तयारी ठेवावी. वडिलांची शिकवण आम्ही टाकून देत नाही. झालेला निकाल गंगेला मिळू द्यावा. नातवंडांना मात्र आम्ही एवढे अधिक सांगू की, न झालेली चाचणी गंगेला सोडू नका; आपले घर या गावात आता पुरेसे जुने झाले आहे.