पुस्तक वेळेवर पोहोचलं का?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या शिक्षणाविषयी आपण बोलतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या जिद्दीविषयी बोलतो. निकाल लागला की त्याचा फोटो छापून येतो, आई-वडील पेढा भरवतात, गावात सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिलं जातं. हे सगळं चांगलंच आहे. पण एक प्रश्न त्या बातमीत सहसा नसतो. हा मुलगा वाचत कशावर होता? पुस्तक त्याच्यापर्यंत कोणत्या रूपात आलं? आणि वर्गात तो धडा शिकवायला घेतला तेव्हा आलं, की परीक्षेच्या तोंडावर? आज या साध्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात आपल्या वऱ्हाडातूनच करू. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचा जन्म १८८१ साली अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीचा. वयाच्या नवव्या महिन्यात त्यांची दृष्टी गेली. अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य लाभलेल्या या माणसाच्या नावावर शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ आहेत. वेदान्तापासून डार्विन आणि स्पेन्सरच्या मतांपर्यंत त्यांनी विचार मांडला. हे घडलं कसं? त्यांना लोक ग्रंथ वाचून दाखवत, ते ऐकत आणि लक्षात ठेवत. मग ते सांगत आणि शिष्य लिहून घेत. वाचणारा आणि लिहून घेणारा अशी दोन माणसं शेजारी असली की दृष्टी नसलेला माणूस किती लांबवर पोहोचू शकतो, याचं हे वऱ्हाडातलं उदाहरण. पण त्यातच एक अट दडलेली आहे. वाचणारा माणूस असला पाहिजे. महाराजांभोवती शिष्य होते. साध्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरातल्या मुलाभोवती कोण असणार?

ही अट मोडण्यासाठी तिकडे फ्रान्समध्ये लुई ब्रेलनं १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली होती. सहा ठिपक्यांच्या त्रेसष्ट रचना होतात आणि त्यांत अक्षरं, अंक, विरामचिन्हं सगळं बसतं. म्हणजे आता दुसऱ्याच्या डोळ्यांची गरज नाही. स्वतःच्या बोटांनी, स्वतःच्या वेगानं, हवं ते पान पुन्हा वाचता येतं. भारतात ही लिपी मिशनऱ्यांच्या शाळांमधून आली. पण भाषा अनेक आणि प्रत्येकीसाठी कोणी ना कोणी वेगळी पद्धत बसवलेली. त्यामुळे एका प्रांताचं ब्रेल दुसऱ्याला वाचता येईना. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरलं आणि हा गोंधळ मिटला. त्यात एका उच्चाराला सर्व भारतीय भाषांत एकच खूण असते. मराठीतला ‘क’ आणि तमिळमधला ‘क’ बोटाला सारखाच लागतो. छापील मराठीत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी येतो, ब्रेलमध्ये तो उच्चाराप्रमाणे नंतर येतो. त्याच वर्षी डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना सुरू झाला आणि १९५२ मध्ये मुंबईत राष्ट्रीय अंध संघटना, म्हणजे ‘नॅब’, स्थापन झाली.

शाळेचा प्रश्न यामुळे बराचसा सुटला. विद्यापीठाचा मात्र सुटला नाही. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. इयत्ता सातवीचं भूगोलाचं पुस्तक राज्यभर एकच असतं. ते एकदा ब्रेलमध्ये केलं की सगळ्या अंधशाळांना पुरतं आणि काही वर्षं चालतं. बी.ए.ला तसं नसतं. प्रत्येक विद्यापीठाचा अभ्यासक्रम वेगळा, विषय ऐच्छिक, संदर्भग्रंथ दहा, आणि ते वाचणारा दृष्टिहीन विद्यार्थी अख्ख्या कॉलेजात कदाचित एकच! एका विद्यार्थ्यासाठी कोणता छापखाना ब्रेल काढणार? शिवाय ब्रेल जागा फार खातं. मध्यम आकाराच्या एका पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाड खंड होतात. ते एसटीच्या टपावर टाकूनही न्यायचे नसतात, कारण वजनाखाली ठिपके दबतात.

वेद मेहता या लेखकाची कहाणी इथे आठवते. लाहोरच्या या दृष्टिहीन मुलाला वयाची पाच वर्षं पूर्ण होण्याआधीच वडिलांनी दादरच्या अंधशाळेत पाठवलं होतं. १९४९ साली, पंधराव्या वर्षी, तो अमेरिकेतल्या अंध विद्यालयात गेला. पुढे पोमोना, ऑक्सफर्ड, हार्वर्ड असं शिक्षण घेतलं, कॉलेजात वाचून दाखवणाऱ्यांची मदत घेतली आणि पुढची अनेक पुस्तकं मदतनिसाला सांगून लिहून घेतली. अर्ध्या शतकानंतर, सातासमुद्रापलीकडे, पद्धत तीच होती: वाचणारा माणूस आणि लिहून घेणारा माणूस. फरक इतकाच, की तो माणूस शिष्य राहिला नव्हता. मोबदला घेऊन ठरल्या वेळी येणारा वाचक झाला होता.

माणूस प्रत्येक वेळी समोर नसला तरी त्याचा आवाज ठेवता येतो, ही पुढची पायरी. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांचा प्रश्न मोठा होता. प्रौढ वयात ब्रेल शिकणं अनेकांना जड जात होतं. म्हणून ब्रिटनमध्ये १९३५ साली तबकड्यांवरची ‘बोलकी पुस्तकं’ निघाली. पुढे कॅसेट आली आणि आवाज स्वस्त झाला. आपल्याकडेही बोलक्या पुस्तकांची ग्रंथालयं उभी राहिली. पण तिथेही आधी गाजलेल्या कादंबऱ्या आणि चरित्रं, बी.ए. भाग दोनचं राज्यशास्त्र कुठून असणार?

ते आमच्यासारख्यांनी घरी केलं. माझं गाव अनसिंग. वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. गावातला माझा एक मित्र दृष्टिहीन होता. अंधशाळेत ब्रेलवर शिकून तो कॉलेजात आला आणि तिथे ब्रेल संपलं. मग मी वाचायचं आणि टेपरेकॉर्डरवर भरायचं, असं ठरलं. अडीचशे पानांचं पुस्तक, पानाला तीन मिनिटं धरली तर साडेबारा तास होतात. नव्वद मिनिटांच्या नऊ कॅसेट! वीज गेली की सेल घालायचे. मागे पिठाच्या गिरणीचा आवाज यायचा तो वेगळाच. पहिल्या दोन कॅसेट ऐकून मित्र म्हणाला, “पान नंबर सांगत जाय ना बावा. मले काय समजते, कोठी हाय त?” डोळ्यांनी वाचणारा माणूस पानं चाळतो, शीर्षक पाहतो, हवं तिथे थांबतो. कॅसेट ऐकणाऱ्याला सरळ एका दोरीवरून चालावं लागतं. म्हणून प्रत्येक पानाचा आकडा बोलायचा, आणि प्रत्येक कॅसेटवर त्यानं स्वतः ब्रेलमध्ये टोचलेली चिठ्ठी चिकटवायची.

अडचण माझ्या आवाजाची नव्हती, वेळेची होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तक सात दिवसांसाठी मिळे. त्याला मिळे ते डोळसांच्या फेऱ्या संपल्यावर, साधारण दिवाळीनंतर. मुदतवाढ मागितली तर उत्तर येई, “नियम सगळ्यांना सारखा.” नियम सारखाच होता. पण ज्याला ते आधी साडेबारा तास आवाजात उतरवून घ्यायचं आहे, त्याचे सात दिवस आणि इतरांचे सात दिवस सारखे नव्हते. शेवटच्या कॅसेट परीक्षेच्या आठवड्यात पूर्ण झाल्या. तो पास झाला, दुसऱ्या वर्गात. पुस्तकं जुलैत हाती आली असती तर कोणता वर्ग मिळाला असता, हे कोणत्याच गुणपत्रिकेवर लिहिलेलं नसतं.

त्यानंतर संगणक आला आणि वाटलं, आता सुटका झाली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आली. पण ती महाग होती, आणि मराठीपाशी येऊन अडखळत होती. तेव्हाचे आपले मराठी फाँट वरवर मराठी होते, आत मात्र इंग्रजी. एका लोकप्रिय फाँटमध्ये तुम्हाला दिसणारं ‘का’ संगणकाच्या पोटात ‘डी-के’ म्हणून साठवलेलं असे. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्र मात्र ‘डी-के’ असं काहीतरी वाचत सुटे. युनिकोडनं हे बदललं. त्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो. २००६ साली ऑस्ट्रेलियात दोन दृष्टिहीन तरुणांनी ‘एनव्हीडीए’ हे मोफत सॉफ्टवेअर करायला घेतलं, आणि आज ते मराठीही वाचतं. म्हणजे नीट टाइप केलेली एक फाइल असली की ती ऐकता येते, अक्षर मोठं करून पाहता येते, ब्रेलमध्येही काढता येते.

मात्र पुस्तकाची अशी फाइल करणं कायद्यात बसत होतं का? बरीच वर्षं नाही. लेखक-प्रकाशकाच्या परवानगीशिवाय पुस्तकाचं रूप बदलणं म्हणजे हक्कभंग. आमच्या नऊ कॅसेटही त्या हिशेबानं संशयितच! २०१२ साली भारताच्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तीसाठी, नफा न घेता, वाचता येण्याजोगी प्रत करायला परवानगी मागण्याची गरज राहिली नाही. पुढच्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, मोरोक्कोतल्या मराकेश शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला, जेणेकरून अशा प्रती एका देशातून दुसऱ्या देशात पाठवता याव्यात. या कराराला मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. २०१४च्या जूनमध्ये आपण ती दिली. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं आणि त्याच वर्षी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. जुन्या १९९५च्या कायद्यातले सात प्रकार एकवीस झाले, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव झाल्या.

इथे एक गोष्ट विसरायला नको. हा प्रश्न केवळ दृष्टिहीनांचा नाही. ज्याचे हात पुस्तक धरू शकत नाहीत, ज्याला अक्षरं एकमेकांत मिसळलेली दिसतात, त्यालाही छापील पान बंदच असतं. कर्णबधिर विद्यार्थ्याला पुस्तक वाचता येतं, पण व्याख्यानाचा व्हिडिओ पाठवला आणि खाली अक्षरं दिली नाहीत, तर तो त्याच्यासाठी मुका असतो. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी शब्दकोश २०१८ साली तीन हजार शब्दांचा निघाला, २०२१ मध्ये तो दहा हजारांवर गेला. विज्ञान-वाणिज्याचे पारिभाषिक शब्द हातांनी कसे सांगायचे, हे काम आत्ता कुठे आकार घेतं आहे.

तेव्हा लिपी आहे, यंत्र आहे, कायदा आहे. मग अडतं कुठे? अडतं ते कॉलेजातल्या एका टेबलाशी. प्राध्यापक नोट्सचा मोबाइलवर फोटो काढून गटावर टाकतात. फोटोतली अक्षरं म्हणजे वाचून दाखवणाऱ्या यंत्राच्या लेखी नुसतं चित्र. ग्रंथालय पुस्तक स्कॅन करून देतं, पण पानं तिरकी, अक्षरं पुसट. फाइल उघडते आणि गप्प बसते. तक्रार केली तर ग्रंथपाल प्राध्यापकांकडे बोट दाखवतात, प्राध्यापक कार्यालयाकडे. काम कोणाचं, हे ठरलेलंच नसतं.

जिथे ते ठरलं, तिथे चित्र बदललं. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजनं २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केलं. मुंबईचं कॉलेज मोठं, हे कबूल. पण त्यातली कल्पना मोठ्या इमारतीची नाही. विद्यार्थ्याच्या पुस्तकांची जबाबदारी एका ठिकाणी असावी, एवढीच ती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानंही २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या, अमरावती विद्यापीठाच्या एखाद्या छोट्या कॉलेजला हे झेपेल का? मला वाटतं, झेपेल. प्रवेश अर्जात एक रकाना हवा: तुम्ही कसं वाचता? ब्रेल, आवाज, मोठी अक्षरं की संगणक? वाचायच्या पुस्तकांची यादी प्राध्यापकांनी वर्ग सुरू होण्यापूर्वी द्यावी. ग्रंथालयातल्या एका माणसाच्या नावे हे काम लेखी असावं. प्रत्येक फाइल विद्यार्थ्याला देण्याआधी त्यानं एकदा ऐकून पाहावी. आणि एका कॉलेजनं तयार केलेलं पुस्तक सुगम्य पुस्तकालयात पोहोचावं, म्हणजे कारंज्याच्या मुलीसाठी केलेलं पुस्तक रिसोडच्या मुलासाठी पुन्हा करावं लागणार नाही. ब्रेलच्या काळात एका विद्यार्थ्यासाठी पुस्तक करणं परवडत नव्हतं. आता एकासाठी केलेलं पुस्तक हजारांना पुरतं. शे-दोनशे वर्षांतला हा सगळ्यात मोठा बदल आहे.

मित्रानं वाचणारा शोधावा, आणि गावात तो सापडला तर शिकावं, ही आमच्या वेळची व्यवस्था होती. ती मैत्री मला आजही मोलाची वाटते. पण कोणाचं शिक्षण मैत्रीवर अवलंबून राहू नये. पुढच्या वेळी एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या सत्काराला गेलात, तर शाल घालून झाल्यावर त्याच्या प्राचार्यांना एवढंच विचारा: “सर, याची पुस्तकं कोणत्या महिन्यात मिळाली?”